शिवाजीनगर की माटुंगा?

सीईटीचा निकाल लागला की राज्यभरातल्या कितीतरी घरांत रात्रीच्या जेवणाला एकच वाद बसतो. मुलीला ९९ च्या वर पर्सेंटाइल आहेत. आयआयटी थोडक्यात गेली, किंवा मिळते आहे ती नको त्या शाखेची आणि दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावरची. मग उरतात दोन नावं, पुण्यात शिवाजीनगरचं सीओईपी आणि मुंबईत माटुंग्याचं व्हीजेटीआय. क्लासचे सर एक सांगतात, हिंजवडीत नोकरीला असलेला मावसभाऊ दुसरं सांगतो आणि बाबा मागच्या वर्षीच्या कट-ऑफची पीडीएफ उघडून बसतात. शेवटी कोणीतरी म्हणतंच, "दोन्ही सरकारीच ना, मग ज्याचा कट-ऑफ जास्त ते वर टाकू."

मला त्या वाक्याशी भांडायचं आहे. त्यातला 'सरकारी' हा शब्द लोक फार सहज उच्चारतात आणि 'कट-ऑफ' या शब्दावर नको तितका भरवसा ठेवतात.

आधी कट-ऑफचं पाहू. एखाद्या शाखेचा कट-ऑफ म्हणजे तिथे शेवटची जागा ज्या मुलाला मिळाली त्याचे पर्सेंटाइल. संस्थेने तो ठरवलेला नसतो. कोणी परीक्षा घेऊन, प्रयोगशाळा तपासून, शिक्षक मोजून तो काढलेला नसतो. मागच्या वर्षी आपल्यासारख्याच घाबरलेल्या कुटुंबांनी त्याच्या मागच्या वर्षीचा कट-ऑफ पाहून जे क्रम लावले, त्यांची ती बेरीज असते. पाहणारे एकमेकांकडे पाहत राहतात आणि आकडा स्वतःलाच पोसत जातो. दोन्हीकडच्या कॉम्प्युटर शाखेचे आकडे इतके जवळ असतात की एखाद्या वर्षी ही पुढे, एखाद्या वर्षी ती. पर्सेंटाइलचा हिशेबही लक्षात घ्यायला हवा. तीन लाख मुलं परीक्षेला बसली असं धरलं तर ०.१ पर्सेंटाइल म्हणजे तीनशे मुलं. यादीच्या वरच्या टोकाला ही तीनशे मुलं गणिताच्या एक-दोन प्रश्नांच्या फरकाने मागेपुढे झालेली असतात. तेवढ्या फरकावर 'हे कॉलेज त्या कॉलेजपेक्षा चांगलं' असा निष्कर्ष काढणं हे त्या मुलीच्या चार वर्षांशी खेळणं आहे.

फॉर्मवरच्या पर्यायांच्या क्रमाला मात्र फार महत्त्व आहे, आणि ते का आहे हे पुष्कळ घरांत नीट ठाऊक नसतं. प्रवेशाच्या कॅप फेरीत संगणक गुणवत्ता यादीच्या वरून खाली येतो. प्रत्येक मुलाच्या यादीतला जो सर्वांत वरचा पर्याय त्या क्षणी मोकळा असेल तो त्याला देतो आणि पुढच्या मुलाकडे वळतो. म्हणून अवघड वाटणारा पर्याय पहिल्या ओळीत लिहिल्याने 'ओळ वाया जाते' हा समज चुकीचा आहे. तो मिळाला नाही तर दुसरा पाहिला जातो, आणि तोही त्याच मेरिट नंबरावर. धोका वेगळ्या जागी आहे. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांतलं बेटरमेंटचं, म्हणजे आणखी चांगली जागा मिळवण्याचं, दार बंद होतं. २०२५ मध्ये फेऱ्या तीनच्या चार झाल्या आणि नियम आणखी कडक झाले. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळालं तरी ते घ्यावंच लागतं. 'आधी काहीतरी टाकू, मग बघू' हे आता चालत नाही. पहिल्या ओळीत जे लिहाल ते खरोखर हवं असलं पाहिजे.

मग नेमकं काय हवं आहे? इथे दोन्ही संस्था कशातून जन्मल्या ते पाहावं लागतं, कारण तो जन्म आजही त्यांच्या अंगात आहे.

जुलै १८५४ मध्ये पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. आदल्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली होती. इंग्रज सरकारला रस्ते, कालवे, पूल आणि इमारती बांधायच्या होत्या आणि त्या कामावर देखरेख करायला हाताखालची माणसं हवी होती. साहेब विलायतेतून येणार आणि त्यांच्या हाताखालचे पुण्यात घडणार, असा तो बेत. भवानी पेठेतल्या लहानशा घरांमध्ये वर्ग भरत. ५ ऑगस्ट १८६५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते नदीकाठच्या आजच्या मुख्य इमारतीची पायाभरणी झाली. पुण्याच्या संगमाजवळची ही जागा आहे, जिथे मुळा आणि मुठा एकत्र येतात. पाण्यावर हुकमत मिळवायला शिकवणारी शाळा पाण्याच्याच काठी उभी राहिली.

त्या शाळेने सरकारच्या अपेक्षेपेक्षा फार मोठी माणसं दिली. म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बंगळूरहून आलेला एक मुलगा १८८३ मध्ये इथून पहिला आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांना जेम्स बर्कली पारितोषिक मिळालं, आणि त्या नावात आपल्या या दोन शहरांची गाठ आहे. बर्कली हे जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता. मुंबई आणि पुण्याच्या मधला बोर घाट फोडून रूळ नेण्याची आखणी त्यांची. घाटाचं काम १८६३ मध्ये पुरं झालं, ते पाहायला बर्कली उरले नव्हते. विश्वेश्वरय्या पुढे मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात लागले, आणि १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांच्या कल्पनेचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरावीक उंचीवर चढलं की आपोआप उघडणारे आणि उतरलं की मिटणारे. पुणेकर आजही ज्या तलावाचं पाणी पितात तिथे या कॉलेजच्या विद्यार्थ्याचं डोकं चाललेलं आहे. अभियंता दिन आपण १५ सप्टेंबरला, त्यांच्या जन्मदिवशी, साजरा करतो.

मुंबईची गोष्ट वेगळ्या मातीतली. ज्या १८५४ साली पुण्यातला वर्ग सुरू झाला, त्याच साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभी केली. पुढच्या तीस वर्षांत परळ-भायखळ्याचं आभाळ गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेलं. यंत्रं मँचेस्टरहून येत, ती चालवणारे जाणकारही तिथूनच येत, आणि ते महाग पडत. मुंबईच्या व्यापाऱ्यांना आपल्या गिरण्यांसाठी आपली माणसं हवी होती. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाल्याचं निमित्त साधून, 'व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट' स्थापन झालं. लॉर्ड रिपन यांच्या स्मारकासाठी जमलेली वर्गणी त्यात आली आणि गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांनी भायखळ्याला इमारत दिली. १९२३ मध्ये संस्था माटुंग्याच्या आजच्या आवारात आली. १९९७ मध्ये नाव बदलून वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झालं आणि आद्याक्षरं तशीच राहिली.

पुण्याचं कॉलेज सरकारी खात्याच्या गरजेतून निघालं, मुंबईचं कारखानदारांच्या. म्हणून सुरुवातीपासून व्हीजेटीआयमध्ये हाताच्या कामाला मान होता. विणकाम, यंत्रकाम, वीज. विद्यापीठाची पदवी बराच काळ तिथे नव्हतीच. संस्थेची स्वतःची लायसेन्शिएटची परीक्षा असे आणि गिरणीच्या फाटकावर तिला वजन असे. पदवीचे वर्ग आले ते स्वातंत्र्याच्या आसपास. त्याआधी मुंबईच्या मुलाला अभियांत्रिकीची पदवी हवी असेल तर बहुधा बोर घाट चढून पुण्यालाच जावं लागे. गंमत अशी की ती पदवी असे मुंबई विद्यापीठाची, कारण १८५७ पासून प्रांताला ते एकच विद्यापीठ होतं. पुण्याला स्वतःचं विद्यापीठ १९४९ मध्ये मिळालं, तेव्हा कॉलेज त्याच्याकडे गेलं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते, हे पुष्कळांना माहीत नसतं. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. पुढे १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या शेतात आला. मुंबईच्या त्या वर्गखोलीतून बाहेर पडलेल्या एका शिक्षकाने दख्खनच्या शेतकऱ्याचं अवजार बदललं. मला ही गोष्ट दोन्ही शहरांच्या भांडणापेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

पुण्याच्या बाजूलाही सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पुण्यात जन्मलेले थॉमस कैलाथ १९५६ मध्ये इथून दूरसंचाराची पदवी घेऊन बाहेर पडले आणि पुढे स्टॅनफर्डला त्यांनी माहितीशास्त्र आणि नियंत्रणशास्त्रात जे काम केलं त्याला अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. बारामतीत जन्मलेले चंद्रकुमार पटेल १९५८ चे. बेल लॅब्जमध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. आज कारखान्यात पत्रा कापायला आणि रुग्णालयात शस्त्रक्रियेला तो वापरला जातो. अगदी अलीकडचं उदाहरण म्हणजे २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही सी-३४ मधून अवकाशात गेलेला 'स्वयम्', विद्यार्थ्यांनी बांधलेला जेमतेम एक किलो वजनाचा उपग्रह. एका तुकडीने सुरू केलेलं काम पुढच्या तुकडीच्या हातात देत देत, वर्षानुवर्षं चाललेलं ते काम होतं. मुलांनी पदवी घेऊन निघून जायचं आणि तरी काम थांबू द्यायचं नाही, ही सवय कुठल्याही अभ्यासक्रमात लिहून येत नाही.

आता 'विद्यापीठ' या शब्दाकडे येऊ, कारण गेल्या तीन-चार वर्षांत वादात तो नव्याने शिरला आहे. सीओईपी २०२२ पासून स्वतंत्र राज्य विद्यापीठ आहे, 'सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी'. एकल विद्यापीठ, म्हणजे त्याला संलग्न कॉलेजं नाहीत. व्हीजेटीआय स्वायत्त संस्था आहे, पण पदवीवर नाव मुंबई विद्यापीठाचं. 'विद्यापीठ झालं म्हणजे दर्जा वाढला' असं एका बाजूने ऐकू येतं, तर दुसऱ्या बाजूने 'मुंबई विद्यापीठाचं नाव जगाला माहीत आहे.'

दोन्ही म्हणण्यांत थोडं थोडं तथ्य आहे, पण मुलांच्या रोजच्या आयुष्यात खरा बदल घडला तो वीस वर्षांपूर्वी, स्वायत्तता आली तेव्हा. सीओईपीला ती २००३ च्या सुमारास मिळाली आणि व्हीजेटीआयला २००४ मध्ये. अभ्यासक्रम स्वतः ठरवायचा, पेपर स्वतः काढायचे, निकाल स्वतः लावायचा. सीओईपीच्या नियामक मंडळाचं अध्यक्षपद टीसीएसचे फकीरचंद कोहली यांनी सांभाळलं. भारतातला सॉफ्टवेअर उद्योग ज्यांनी घडवला ते गृहस्थ एका सरकारी कॉलेजच्या बैठकांना वेळ देत होते. तेव्हाचे संचालक अनिल सहस्रबुद्धे पुढे एआयसीटीईचे अध्यक्ष झाले. स्वायत्ततेची किंमत काय, हे मुंबईत २०१७ मध्ये कळलं. विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट एकाएकी घातला, निकाल महिनोन्‌महिने रखडले, परदेशी प्रवेश आणि नोकऱ्या हातच्या गेल्या, आणि अखेर ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. स्वतःच्या परीक्षा स्वतः घेणाऱ्या संस्थांची मुलं त्या गोंधळातून वाचली.

विद्यापीठ झाल्याने सीओईपीला नवे अभ्यासक्रम काढणं सोपं झालं, हे खरं. माटुंग्यात व्हीजेटीआयच्या शेजारीच याचं जुनं उदाहरण आहे. मुंबई विद्यापीठाचा १९३३ मध्ये सुरू झालेला रसायन तंत्रज्ञान विभाग, जुन्या लोकांच्या तोंडातलं 'यूडीसीटी', २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाला आणि आयसीटी म्हणून स्वतःच्या पायावर उभा राहिला. पण मुलाखत घेणारा माणूस पदवीवरच्या शिक्क्यापेक्षा संस्थेचं नाव आणि समोरच्याला काय येतं हे पाहतो. बारावी झालेल्या मुलीने फॉर्म भरताना या मुद्द्यावर फार रात्री जागवू नयेत.

जागवायच्या असतील तर त्या राहण्याच्या प्रश्नावर. डोंबिवलीची मुलगी व्हीजेटीआयला घरून जाईल. सकाळी लोकलला लोंबकळेल, दादर किंवा माटुंग्याला उतरेल आणि संध्याकाळी आईच्या हातचं जेवेल. चिंचवडच्या मुलाला आता मेट्रो थेट शिवाजीनगरला सोडते. या दोघांसाठी निवड निम्मी झालेली आहे, आणि घर जवळ असणं हे कारण क्षुल्लक समजण्याचं काही कारण नाही. खरी कसोटी लागते ती जालना, बार्शी, चाळीसगाव, गडहिंग्लजहून येणाऱ्यांची. वसतिगृह दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे खाटा मागणीपेक्षा कमी आहेत. प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळालीच असं नसतं. खोली नाही मिळाली तर पुण्यात कॉट बेसिसवर जागा आणि मेस शोधता येते. महाग झालंय, पण जमतं. माटुंगा-वडाळ्याच्या आसपास तेवढ्याच पैशांत तशी जागा मिळणं कठीण. मग मुलगा ठाणे-कल्याणच्या पुढे नातेवाइकांकडे राहतो आणि दिवसाचे तीन-चार तास रेल्वेत घालवतो.

सरकारी मदतही हा फरक ओळखत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत मुंबई आणि पुणे एकाच गटात आहेत, वर्षाला ६० हजार रुपये. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता असो की शाहू महाराज शिष्यवृत्ती, पैसे महाडीबीटीवर येतात ते पुष्कळदा वर्ष सरत आलं तेव्हा. तोवर भाडं कोणीतरी भरायचं असतं. म्हणून मी प्रत्येक कुटुंबाला सांगेन की फॉर्म लॉक करण्याआधी दोन्ही ठिकाणी एकदा जाऊन या. एसटीचं भाडं लागेल, एक दिवस जाईल. वसतिगृहाच्या कार्यालयात विचारा की पहिल्या वर्षाला जागा कशा वाटतात, आपल्या प्रवर्गाला किती येतात, मुलींसाठी किती आहेत. मेसमध्ये जेवून पाहा. तिथल्या मुलांशी बोला, ती मनापासून सांगतात.

दोन्ही शहरं मुलांना वेगवेगळ्या तऱ्हेने वाढवतात. सीओईपीमध्ये बोट क्लब आहे, मुलं त्याला 'बीसी' म्हणतात, आणि १९२८ पासून तिथे रेगाटा होतो. चार वर्षं वसतिगृह, नदीकाठ, लायब्ररी आणि पुन्हा वसतिगृह या वर्तुळात जातात. माणूस संस्थेत मुरतो. गावाकडून मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या सत्रात इंग्रजीतली व्याख्यानं डोक्यावरून जातात, तेव्हा रात्री शेजारच्या खोलीतला सीनियर मराठीत समजावून सांगतो. या आधाराला किंमत लावता येत नाही. व्हीजेटीआयमध्ये संध्याकाळ झाली की निम्मं कॉलेज लोकलने पांगतं. पण दिवसभरात ते ज्या शहरात असतं तिथे ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र आहे, शेअर बाजार आहे, बँकांची मुख्यालयं आहेत, बंदर आहे. सुट्टीतली इंटर्नशिप शोधायला घर बदलावं लागत नाही. रोबोटिक्ससारख्या मंडळांत सीनियर मुलं नव्यांना सोल्डरिंगपासून शिकवतात, तेही या संस्थेचं बळ. मुंबई मुलाला लवकर मोठं करते. ते कुणाला मानवतं, कुणाला नाही, आणि आपलं मूल कोणतं हे कट-ऑफच्या पीडीएफपेक्षा आईला जास्त ठाऊक असतं.

राहिली शाखा. खरं तर सगळ्यांत जास्त रडारड तिच्यावरूनच. 'सीओईपीला मेकॅनिकल घेऊ की खासगी कॉलेजात कॉम्प्युटर?' हा प्रश्न 'सीओईपी की व्हीजेटीआय' यापेक्षाही जास्त घरं पोखरतो. सीओईपीत धातुशास्त्र आहे, उत्पादन अभियांत्रिकी आहे, नगरनियोजन आहे. व्हीजेटीआयमध्ये वस्त्रतंत्रज्ञान आजही शिकवतात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईतल्या गिरण्या एकामागून एक संपल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर चढले, पण ज्या विद्येसाठी संस्था निघाली ती तिथे टिकली. वाहनाच्या सीटबेल्टपासून शल्यक्रियेच्या धाग्यापर्यंत ती लागते. पुण्यात १९६० नंतर बजाज ऑटो, भारत फोर्ज, कमिन्स, टेल्को आले आणि मेकॅनिकलच्या पिढ्याच्या पिढ्या तिथे रुजल्या. आता त्याच मेकॅनिकलची मुलं कोडिंगच्या परीक्षा देऊन सॉफ्टवेअरमध्ये जातात. ज्या मुलाला यंत्र उघडून पाहायची ओढ आहे त्याने शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरच्या हट्टापायी ती मारू नये. आणि ज्याला खरंच प्रोग्रॅमिंग आवडतं त्याने केवळ जुन्या नावासाठी नको असलेली शाखा घेऊन चार वर्षं कुढू नये. पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलेल, या आशेवर प्रवेश घेणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं की मागच्या वर्षी किती जणांना बदलून मिळाली.

आता 'सरकारी' या शब्दाकडे. राज्यात अभियांत्रिकीच्या जागा दोन लाखांच्या घरात आहेत. या दोन संस्थांतल्या जागा त्यांच्या एक टक्का तरी असतील की नाही शंका. एकोणिसाव्या शतकात पेरलेल्या दोन झाडांच्या सावलीत सबंध महाराष्ट्राने उभं राहायचं, आणि मग सावलीत जागा कुणाला यावरून पोरांनी तळमळायचं. ही टंचाई आपणच निर्माण केली आहे. १९८३ नंतर विनाअनुदानित कॉलेजांची दारं उघडली तेव्हा सरकारने शिक्षणातून हात सैल केला, तो पुन्हा घट्ट केलाच नाही. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत प्राध्यापकांच्या मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावरचे, कंत्राटी शिक्षक गाडा ओढतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ एनआयआरएफच्या यादीत राज्य विद्यापीठांमध्ये २०२४ साली देशात तिसरं होतं, आणि पुढच्याच वर्षी पहिल्या दहांतही उरलं नाही. इमारती त्याच, मुलं तितकीच हुशार. शिक्षक नसले की विद्यापीठ खाली येतं, त्याला दुसरं काही लागत नाही. स्वायत्तता आणि विद्यापीठाचा दर्जा यांचा अर्थ 'आता तुमचे पैसे तुम्ही उभे करा' असा होऊ लागला, तर ती वाढलेली फी शेवटी बार्शीच्या त्याच बापाच्या खिशातून येणार आहे.

जिथे सरकार उभं राहतं तिथे फरक पडतो. जुलै २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. आधी निम्मी माफ होती. 'मुलीला जवळच्याच कॉलेजात घालू' म्हणणाऱ्या घरांसाठी निदान एक कारण तरी कमी झालं. मात्र कागद वेळेत लागतात. नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, कास्ट व्हॅलिडिटी. सेतू केंद्रातल्या रांगेत राहिलेल्या एका दाखल्यामुळे मुलगी प्रवर्गातून खुल्या यादीत जाते आणि माटुंगा, शिवाजीनगर दोन्ही एका दिवसात हातचं सुटतं. अकरावीच्या दिवाळीतच हे कागद काढायला टाकावेत, असं मी कळकळीने सांगेन.

आणखी एक वाट आहे, तिची चर्चा शहरांत कमी होते. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेली मुलं पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षाला येतात, त्यांच्या भाषेत 'डी टू डी'. शेतकऱ्यांची, वर्कशॉपवाल्यांची, शिक्षकांची मुलं यात पुष्कळ. बारावीच्या क्लासचे लाखो रुपये न भरता, तीन वर्षं मशिनवर हात काळे करून ती सीओईपी-व्हीजेटीआयला पोचतात. गणितात पहिल्या सत्रात धडपडतात, प्रयोगशाळेत मात्र बाकीच्यांना दाखवतात. व्हीजेटीआय तर स्वतःच पदविकेचे वर्ग आजही चालवतं. तंत्रज्ञ आणि अभियंता एकाच आवारात घडवण्याची १८८७ ची रीत तिथे पूर्ण तुटलेली नाही. दहावीला गणितात बरे गुण असलेल्या आणि घरी पैसा नसलेल्या मुलाने ही वाट मागची म्हणून टाळू नये.

आणि ज्यांना दोन्ही मिळणार नाहीत, त्यांची संख्या नेहमीच जास्त असणार. ०.२ पर्सेंटाइलने हुकलेल्या मुलीला घरात मेल्यासारखं वागवणारे आईबाप मी पाहिले आहेत. त्यांनी फॉर्मवरच्या पुढच्या ओळी वाचाव्यात. सांगलीला विश्रामबागेत वालचंद कॉलेज आहे. १९४७ मध्ये धोंडुमामा साठे यांनी ते काढलं, आणि आज राज्याच्या अनुदानावर ते उत्तम चालतं. नांदेडला एसजीजीएस आहे. कऱ्हाड, छत्रपती संभाजीनगर, अमरावती इथे शासकीय महाविद्यालयं आहेत, जिथे फी परवडते आणि खोलीचं भाडं मुंबईपेक्षा पुष्कळ कमी पडतं. तिथून गेट देऊन आयआयटीत एमटेकला जाणारी मुलं दरवर्षी निघतात. पहिल्या दोन ओळी शिवाजीनगर आणि माटुंग्याला द्या, हव्या त्या क्रमाने. तिसऱ्या ओळीत सांगली, चौथ्या ओळीत नांदेड लिहिताना हात आखडता घेऊ नका, आणि त्या ओळी मुलीच्या समोर बसून, तिला विचारून भरा.